डिकीतलं नारळाचं पोतं

“नारळ कोनाजवळ हाये? अरे, नारळ कोनाजवळ हाये म्हनते मी!”

आक्का समोरच्या सीटवरून मागे वळून ओरडत होती. गाडीचं इंजिन भर घाटात, भर उतारावर मेल्यासारखं गप्प झालं होतं आणि मी ब्रेकवर उभा होतो. उभा म्हणजे खरोखर उभा. डोकं छताला लागलेलं, बूड सीटपासून वीतभर वर. पायाखाली पेडल नव्हतंच, तहसील कचेरीची भिंत होती. स्टिअरिंग फिरवावं तर ते पहिल्यांदा जुंपलेल्या गोऱ्ह्यासारखं मान ताठ करून बसलेलं. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला काही नाही. म्हणजे हवा होती. भरपूर हवा होती.

“आक्का, आधी गाडी तर थांबू दे वो!”

“थांबतेच थे. तिची जागा आली.”

आणि गाडी थांबली. दरवेळी थांबायची तिथंच.

पुसदहून आमच्या बोरीकडे येताना हा घाट लागतो. चढ थोडा, उतार लांबलचक. उताराच्या मध्यावर एका वळणाशी, बैलगाडी उभी राहील एवढी सपाट जागा आहे आणि तिथं पळसाखाली शेंदूर फासलेला दगड आहे. ती घाटमाय. ट्रकवाले तिच्यापुढून जाताना हॉर्न वाजवतात. एसटीचे ड्रायव्हर दोन्ही हात सोडून नमस्कार करतात आणि आतले प्रवासी ते पाहून त्याहून मोठा नमस्कार करतात. पण थांबत कोणी नाही. थांबायची ती फक्त आमची गाडी, आणि तीही स्वतःहून.

तर माझ्या बायकोनं मागच्या सीटवरून नारळ पुढे दिला. आक्का उतरली. आक्का म्हणजे माझी मोठी बहीण. भावजी गेल्यापासून आमच्याकडेच असते, आणि देवाधर्माच्या खात्यात तिच्या शब्दापुढे आमच्या घरात अपील नाही. तिनं दगड बाटलीतल्या पाण्यानं धुतला, हळद-कुंकू वाहिलं, वाऱ्यात विझणारी उदबत्ती पुन्हा पुन्हा पेटवली, नारळ सोलला, फोडला, खोबऱ्याचे तुकडे केले, सगळ्यांना वाटले, एक तुकडा पळसावरच्या माकडाला दिला. माकडाला आमचा नंबर पाठ झाला होता असं मी गावात सांगतो. मग ती सीटवर येऊन बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, “लाव आता चावी.”

चावी लावली. इंजिन नुकतंच झोपेतून उठल्यासारखं ताजंतवानं सुरू झालं.

“पाह्यलं?” आक्का म्हणाली.

पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. आणि जे पाहिलं नव्हतं ते मी बोरीत येऊन दाखवलं.

माझी सवय अशी की घडलेली गोष्ट मी आहे तशी सांगूच शकत नाही. भाजीला मीठ लागतं तसं मला थोडं लागतंच. पहिल्यांदा गाडी थांबली ती लेकीसाठी पुसदचं स्थळ पाहून परत येताना. मुलाकडच्यांनी ‘कळवतो’ म्हणून सांगितलं होतं, आमची तोंडं उतरलेली. घाटात गाडी थांबली, ओटीतला नारळ आक्कानं फोडला, गाडी सुरू झाली आणि आम्ही घरात पाय ठेवतो तोच फोन आला: पसंत आहे. इथवर सगळं खरं आहे. मी पारावर सांगताना फोन घाटातच आला. पुढच्या आठवड्यात सांगताना गाडी बंद असूनही तिचा हॉर्न आपोआप वाजला. पोळ्यापर्यंत दगडावरचा शेंदूर पाझरायला लागला होता.

लोक हसले असतील असं वाटतं तुम्हाला? लोक गाडी मागायला आले! नवरदेव आणायचा तर आमच्या गाडीत. कोर्टाची तारीख असलेला एक जण तर गाडी उभी असताना नुसता आत बसून गेला, आणि त्याला पुढची तारीख मिळाली म्हणून पेढे घेऊन आला. मी पेढे घेतले. डिकीत नारळाचं एक आख्खं पोतं कायमचं असायचं. खड्ड्यातून गाडी गेली की मागून असा आवाज यायचा जसं कोणी भजन सुरू करायच्या आधी मृदंग लावून पाहतंय.

फक्त एक गोष्ट कोणाला कळत नव्हती. माझी बायको समोर बसली की गाडी थांबत नसे.

आता गाडीत समोर बसण्यावरून आमच्या घरी आधीच थंड लढाई होती. आक्का थोरली, म्हणून मान तिचा. पण तिचे गुडघे दुखत असले आणि तिला मागे पाय पसरून बसायचं असलं तर बायको पुढे यायची. त्या दिवशी घाट कसा लोण्यासारखा उतरायचा. ना थांबणं, ना नारळ. आक्कानं यावर विचार केला आणि निकाल दिला.

“हिचा गण येगळा हाये. हे समोर बसली का माय तोंड फिरवते.”

 बायको लग्नापासून फार बोलत नाही. आमच्या घरातला बोलण्याचा कोटा मी आणि आक्का मिळून संपवतो. पुढच्या खेपेपासून ती आपणहून मागे बसू लागली. मीही म्हटलं, चला, भांडण मिटलं.

मग यंदाचा उन्हाळा आला. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून पटत नाही. कावळा तारेवर बसला तर पाय सोडवून घ्यायला मदत मागतो. लेकीला सातवा महिना लागला होता आणि तिला पहिल्या बाळंतपणासाठी घरी आणायचं होतं. सासरच्यांनी तिचं डोहाळजेवण केलं की आपण न्यायला जायचं, ही रीत. मुहूर्त आक्कानं काढला. गाडी धुऊन झाली. पोतं नवं भरलं. आणि आदल्या रात्री मी आमरस खाल्ला.

किती खाल्ला ते विचारू नका. आमच्या आंब्यांनाच विचारा, त्यातले काही अजून माझ्याकडे पाहून तोंड फिरवतात. सकाळी मी घरातून न्हाणीघरात आणि न्हाणीघरातून घरात अशा फेऱ्या मारू लागलो तेव्हा जवाईबापू म्हणाले, “मामाजी, तुम्ही आराम करा. मी नेतो गाडी, मीच घेऊन येतो सगळ्यांना.” ते आदल्या दिवशी दारव्ह्याला लग्नाला आलेले, रात्री आमच्याकडे मुक्काम. गाडी चालवायचा त्यांना भारी शौक, पण आमची गाडी घाटात त्यांनी कधी चालवलेली नव्हती. आक्का समोर बसली, बायको मागे. मी दारातून पोट धरून हात हलवला.

दुपारी मी कूलरमध्ये पाणी भरत होतो. कूलर म्हणजे आमच्याकडे घरातला एक वयस्कर माणूसच. त्याला वेळेवर पाणी दिलं नाही तर दिवसभर कुरकुर. बादली उचलली आणि फोन वाजला.

“नमस्कार सर, मी यवतमाळच्या सर्व्हिस सेंटरमधून बोलतेय. तुमच्या गाडीसंबंधी आम्ही मेसेज पाठवले होते. तुमचा प्रतिसाद आला नाही.”

मेसेज आले होते. पण आजकाल मेसेज म्हणजे काय, लॉटरी लागली, वीज तोडतो, पार्सल अडकलं. मी सगळे एका दमात पुसून टाकतो. म्हटलं, चला, आज फसवणूकवाली मराठीत बोलतेय, थोडी गंमत करू.

“पोरी, या गाडीचं तुले माहीत नाई. ते कंपनीची नोहे, देवीची हाये.”

“हो सर,” ती म्हणाली. तिला दिवसभरात असे शंभर भेटत असतील. “सर, कंपनीनं या बॅचच्या गाड्या परत बोलावल्या आहेत. इंजिनच्या सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडलाय. दुरुस्ती मोफत आहे. मी फक्त एक-दोन प्रश्न विचारते. गाडी कधी चालता चालता बंद पडली आहे का?”

मी बादली कडेवर घेतल्यासारखी धरून उभा.

“कधी म्हंजे?”

“म्हणजे बघा, लांब उतार असेल, एसी फुल असेल आणि ड्रायव्हरनं ॲक्सिलरेटरवरून बराच वेळ पाय काढलेला असेल, तर इंजिन अचानक बंद होऊ शकतं. मग ब्रेक आणि स्टिअरिंग एकदम जड होतात. असं झालंय का?”

मी बादली दुसऱ्या कडेवर घेतली. 

“सर?”

“एसी बंद असन तं?”

“एसी बंद असेल तर शक्यतो होत नाही, सर.”

माझी बायको. गाडीत समोर बसली की तिचा पहिला हात एसीच्या बटणावर जायचा. बंद करायची आणि काच खाली करायची.

“अन बंद पडल्यावर,” मी विचारलं. माझा आवाज मलाच शेजारच्या घरातून आल्यासारखा वाटला. “परत सुरू कशी होते?”

“चावी काढून थोडा वेळ थांबलं की सिस्टम आपोआप रिसेट होते, सर. पाच-दहा मिनिटं.”

दगड धुवायचा. हळद-कुंकू वाहायचं. विझलेली उदबत्ती पेटवायची. नारळ सोलायचा, फोडायचा, वाटायचा. एक तुकडा माकडाला.

मी बादलीवर बसलो. बादली भरलेली होती. मी पाण्यात बसलो आणि मला कळलंही नाही.

“सर, ऐकताय ना? दुरुस्ती होईपर्यंत कृपया गाडी घाटात नेऊ नका. ब्रेक लागला नाही तर...”

पुढचं तिनं सौम्य करून सांगितलं असणार. मला फक्त उजव्या हाताची हवा दिसत होती. इतक्या वेळा आम्ही त्या वळणावर उतरून खोबरं खाल्लं, दात काढले, फोटो काढले. आणि दरवेळी मी ब्रेकवर उभा राहिलो नसतो तर दगडापाशी न थांबता सरळ त्या हवेत गेलो असतो. ती सपाट जागा होती म्हणून थांबत होतो. उतारावर बंद पडलेली कोणतीही गाडी घरंगळत घरंगळत तिथंच आली असती. आणि मला तरी ठाऊक होतं की आता गाडी बंद पडणार. मी आधीपासून तयारीत असायचो.

जवाईबापूंना कोणी सांगितलं होतं?

बायकोला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. लेकीला लावला, बंद. जवाईबापूंना लावला, रिंग गेली आणि आक्कानं उचलला.

“हॅलो! बोल भाऊ. पोट कसं हाये?”

“आक्का, गाडी थांबवा! आत्ताच्या आत्ता थांबवा!”

“कायले? आताशी तं निंघालो. मस्त चालवून राह्यले जवाईबापू. पोरगी मागं झोपली.”

“आक्का, थे घाटात गाडी बंद पडते ना, थे माय नोहे! थे कंपनीची चूक हाये! एसी बंद करा!”

“एसी बंद करा?” आक्काचा आवाज चढला. “अरे, उन पाह्य केवढं हाये! पोटुशी पोरगी बसवली गाडीत, अन एसी बंद करते म्हने! फुल्ल केला मी, फुल्ल!”

“मंग एक कर. हिले समोर बसव. तू मागं जाय.”

हे मी का म्हटलं ते तुम्हाला कळलं, मला कळलं. आक्काला कसं कळावं?

“काहून? मी समोर बसली तं तुले खुपते काय? घरात खाते ते खुपते, आता सीटही खुपाले लागली?”

“आक्का, माह्या बाई, ऐक—”

फोन कटला. पुन्हा लावला तर बाई सांगू लागली की ज्या व्यक्तीशी आपण संपर्क साधू इच्छिता ती वगैरे. त्या बाईवर मी आयुष्यात इतका ओरडलो नसेन.

मोटारसायकल काढली. डोक्याला दुपट्टा गुंडाळला, खिशात कांदा टाकला. हा आमचा उन्हाचा विमा. ओली पॅन्ट तशीच. पोटाची आठवण पोटानं एकदाही करून दिली नाही. भीतीचं औषध कोणत्याही दुकानात मिळत नाही, पण लागू पडतं बरं का. दारव्हा कधी आलं, कधी गेलं माहीत नाही. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डांबर असं वितळलेलं की मागे वळून पाहिलं असतं तर माझ्या चाकाचा माग थेट घराच्या दारापर्यंत दिसला असता. दिग्रसला थांबून फोन लावला. लागला नाही. पुढे लावला. लागला नाही. मनातल्या मनात मी हिशेब करत होतो: ते हळू येत असतील. चहाला थांबले असतील. लेकीला उलटी झाली असेल, थांबले असतील. देवा, पोरीला उलटी होऊ दे. असा नवस बापानं कधी केला असेल का?

आता जे सांगतो त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. चूक माझीच आहे. इतकी वर्षं पाझरणारा शेंदूर विकल्यावर खरा माल कोण घेणार?

घाटाच्या पायथ्याशी, पहिल्याच वळणावर, रस्त्याच्या मधोमध एक नारळ पडलेला होता.

शेंडीचा, सोललेला नाही, पूजेचा नारळ. मी गाडीचा वेग कमी केला. पुढच्या वळणाला आणखी दोन. कडेच्या गवतात एक. एक फुटलेला, त्याचं पाणी डांबरावर वाळलेलं. आणि मग वरून एक आला. घरंगळत, आपल्याच नादात, वळण घेत, माझ्या पुढच्या चाकाला घासून खाली निघून गेला. एखाद्या ओळखीच्या माणसानं मान न हलवता जावं तसा.

आमचं पोतं होतं ते. डिकीतलं. डिकी उघडली होती.

मी त्यानंतर गिअर बदलला की नाही, हॉर्न वाजवला की नाही, काही आठवत नाही. तोंडानं मी काहीतरी म्हणत होतो. देवाचं नाव असेल किंवा शिवी असेल.

गाडी दिसली. पळसाच्या वळणाच्या थोडं वर. नाक डोंगराकडच्या नालीत रुतलेलं, मागचं एक चाक वर उचललेलं, डिकी तोंड वासून उघडी आणि तिच्यातून पोत्याचा तोंडाशी फाटलेला कोपरा लोंबतोय. रस्त्यावर टायरचे काळे पट्टे. ते पट्टे आधी उजवीकडे गेले होते. अगदी कडेपर्यंत. कडेचा पांढरा दगड आडवा पडला होता. आणि तिथून ते डावीकडे वळले होते.

मी ते पट्टे आजही कागदावर काढून दाखवू शकतो. त्यात मी एक इंचही वाढवणार नाही.

लेक घाटमायच्या दगडापाशी पळसाच्या सावलीत बसली होती. माझी बायको तिच्या तोंडावरून ओला पदर फिरवत होती. जवाईबापू उभे होते आणि त्यांनी दोन्ही हात अजून स्टिअरिंग धरल्यासारखे पुढे धरले होते.

“ब्रेक लागला नाई मामाजी,” ते म्हणाले. “उभा राह्यलो मी ब्रेकवर. लागलाच नाई. सगळंच बंद झालं एकदम. मंग मी डोंगरात घातली.”

“चांगलं केलं बापू,” मी म्हणालो. “लई चांगलं केलं.”

लेकीजवळ बसलो. बापानं विचारायचं कसं? मी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग पोटाकडे, मग पुन्हा तोंडाकडे. तीच म्हणाली, “लाथा मारून राह्यलं, बाबा. मघापासून थांबूनच नाई राह्यलं.” आणि रडायला लागली. मग बायको रडली. मग जवाईबापू तोंड फिरवून डोंगराकडे पाहू लागले. मीही रडलो, सांगायला हरकत नाही.

आक्का थोडी बाजूला बसली होती. मांडीवर एक नारळ होता, दोन्ही हातांनी धरलेला. सोललेला नाही, फोडलेला नाही.

मी सगळं सांगितलं. फोनवाली काय म्हणाली, एसी काय, पाय काढणं काय, चावी काढून थांबणं काय. इंजिनात आजकाल एक डोकं असतं आणि त्या डोक्यात कोणीतरी दूर शहरात बसून चुकीचं भरून ठेवलंय, हे सांगितलं. मला खात्री होती की आता आक्का म्हणणार, मायनंच नालीत घातली, नाही तर दरीत गेली असती. आणि मी काही बोललो नसतो, कारण त्या क्षणी मलाही ते नाकारता आलं नसतं. पण ती काहीच म्हणाली नाही. पदरानं नारळ पुसत राहिली. मला गाडीपेक्षा तिची ती चुप्पी पाहून जास्त धक्का बसला. आमच्या घरात असा सन्नाटा कोणाच्या मयतीलाही पडलेला नव्हता.

मी बायकोला विचारलं, “तू एसी बंद करत होती ना दरवेळी? तुले काही समजलं होतं काय?”

“नाई वो,” ती म्हणाली. “मले सर्दी होते.”

मागून एसटी आली. ड्रायव्हरनं सवयीनं नमस्काराला हात सोडले आणि आम्हाला पाहून गपकन पुन्हा स्टिअरिंगवर ठेवले. बायकांना, लेकीला एसटीत बसवलं, मी आणि जवाईबापू मोटारसायकलनं मागोमाग. कंडक्टरनं पुढच्या दोन सीट रिकाम्या करून दिल्या. दिग्रसला डॉक्टरीणबाईंनी तपासलं, बाळाचे ठोके लेकीला ऐकवले, आम्हालाही ऐकवले. मी ते फोनवर रेकॉर्ड केलं आणि बोरीत पोचेपर्यंत जवाईबापूंना इतक्या वेळा ऐकवलं की बॅटरी संपली.

गाडी ट्रॅक्टरनं ओढून काढली, ट्रकवर चढवून यवतमाळला नेली. फोनवाली पोरगी तिथं काउंटरवर होती, आमच्या लेकीएवढीच. आतमध्ये एकानं स्टिअरिंगखाली वायर खोचली, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत गेली. मी चहा मागवला होता. चहा निवायच्या आत काम झालं.

“झालं?” मी विचारलं.

“झालं काका. जुनं काढलं, नवं टाकलं.”

एवढंच. इतके नारळ, इतकी माकडं, इतके नवरदेव, आणि माझी पोर बसलेल्या गाडीचे ते पट्टे, हे सगळं त्या पट्टीच्या आत होतं आणि ती भरली म्हणून संपलं. मी त्याला म्हणणार होतो की बाबा, जुनं काढलंस ते जरा दाखव तरी, कसं दिसतं. पण नाही म्हटलं.

बोरीत लोकांनी विचारलं, तेव्हा मी पहिल्यांदा एक गोष्ट आहे तशी सांगितली. कोणालाच आवडली नाही. कोर्टवाला तर म्हणाला, “भाऊ, तुम्ही पहिलंच सांगत जा. ते बरं होतं.”

पावसाळ्यात लेकीला मुलगा झाला. तीन महिने आमच्याकडे राहिली. आक्का नातवाला मांडीवरून खाली ठेवत नसे. त्याला तेल लावायचं, शेकायचं, झोपवायचं, सगळं तिचं. घाटाचं नाव तिनं काढलं नाही. डिकीत नारळ ठेवा असंही म्हणाली नाही, नका ठेवू असंही नाही. मीच ठेवला. एक. पोतं नाही.

लेकीला पुसदला पोचवलं, आठवड्यानं तिच्या नणंदेच्या साखरपुड्याला तिकडे गेलो आणि येताना लेकीला, बाळाला चार दिवसांसाठी पुन्हा बोरीला घेऊन निघालो. गाडी मी चालवत होतो. आक्का समोर होती, मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. बायको आणि लेक मागे. हवा गार होती. एसीची गरजच नव्हती. तरी चढ संपल्याबरोबर मी बटणाकडे दोनदा पाहिलं. मागच्या सीटवरून बायकोनंही पाहिलं.  गाडीत पाच माणसं आणि एवढी शांतता, मला कानात दडे बसल्यासारखं झालं.

उतार लागला. मी पायाखालच्या ब्रेकला हळूच विचारून पाहिलं. लागला. पुन्हा विचारलं. लागला. इंजिन आपलं गुरगुरत होतं. समोर कडेचा तो पांढरा दगड कोणीतरी पुन्हा उभा केलेला दिसला, नवा चुना मारलेला. त्याच्या खाली पळस.

मला राहवलं नाही. मला कधीच राहवत नाही.

“आक्का,” मी म्हटलं, “डिकीत नारळ हाये. थांबवू काय मायपाशी?”

तिनं बाळाचं डोकं आपल्या छातीशी आणखी घट्ट धरलं. दगडाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. काचेतून समोर रस्त्याकडे पाहत म्हणाली,

“आधी घाट उतरू दे.”